निळ्या चटईवरच्या मुलाला हाक मारायची नाही

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले पाहुणे, आजचा कार्यक्रम ज्यांच्यासाठी आहे त्या आपल्या ताई, सोमवारपासून शाळेची जबाबदारी घेणाऱ्या नव्या मुख्याध्यापक बाई, पालक समितीचे चिटणीस आणि सभासद, सगळा शिक्षकवर्ग, माझ्यासारखे पालक आणि पुढे खाली बसलेल्या मुलांनो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

माझ्याआधी तीन जण बोलले. तिघंही सभा गाजवणारे, आणि तिघांनीही कागदाशिवाय भाषण केलं. मला ते जमणार नाही. मी लिहून आणलं आहे. मी पाट्या रंगवण्याचं काम करतो, शिक्षण सातवीपर्यंतचं. पाटीवर एक वेलांटी चुकली तर दहा वर्षं सगळा रस्ता ती चूक वाचत जातो, म्हणून प्रत्येक शब्द शब्दकोशात बघून मगच लिहायची मला सवय आहे. हे भाषणही तसंच लिहिलं आहे.

मला 'पालकांचे अनुभव' हा विषय दिला आहे. चिटणीस मला म्हणाले, "पाच मिनिटं घ्या आणि गोड बोला. निरोपाचा दिवस आहे." घरून निघताना बायको म्हणाली, "अहो, सोमवारी समितीची बैठक आहे. पोरीचं सगळं त्यांच्या हातात आहे. दोन चांगले शब्द बोला आणि खाली उतरा." आणि काल दुपारी ताई स्वतः माझ्या दुकानात आल्या होत्या. ओल्या पाट्यांमधून वाट काढत आल्या, रंगाच्या डब्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "उद्या सगळे माझं कौतुक करतील. तुम्ही मिरीचं सांगा."

मी म्हणालो, "ताई, सोमवारी तिचा निर्णय आहे."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून आज्ञा करत नाही, नुसतं सांगते. जमलं नाही तर राहू द्या."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मिरी माझी मुलगी. खरं नाव वेगळं आहे, पण जन्मली तेव्हा काळी, बारीक आणि तिखट होती, म्हणून मिरी. आता साडेआठ वर्षांची आहे. तिच्या उजव्या कानाला काहीही ऐकू येत नाही. डाव्या कानाला यंत्र लावलं आहे, त्याने थोडं येतं. तिला या शाळेत ठेवायचं की नाही, हे समिती सोमवारी ठरवणार आहे. म्हणजे आज मी ज्यांच्यासमोर बोलतोय तेच परवा माझ्या मुलीचं ठरवणार. तुम्ही माझ्या जागी असता तर काय बोलला असता? मी चार दिवस हाच विचार करतोय.

गोड बोलायचं असेल तर माझ्याकडे गोड पुष्कळ आहे, आणि ते खरं आहे. म्हणून आधी तेच सांगतो.

मी ज्या शाळेत गेलो तिथे आमचे गुरुजी हाक मारत नसत, ओरडत. मी चित्र काढण्यात गुंगलो की डस्टर येऊन डोक्यात बसायचं. सातवीत असताना एकदा डोळ्याच्या वर लागलं. खूण अजून आहे, लांबून दिसणार नाही. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेलो नाही, आणि का जात नाही हे मला कुणी विचारलंही नाही. त्यामुळे मिरी पाच वर्षांची झाली तेव्हा मी शाळांच्या इमारती बघत फिरलो नाही. शाळांच्या बाहेर उभा राहून आतले आवाज ऐकत फिरलो. सगळीकडे ओरडणं होतं. एक दिवस या शाळेच्या जिन्याखाली उभा राहिलो. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर शाळा. वरून आवाजच येईना. मला वाटलं सुट्टी आहे. वर जाऊन बघतो तर एका लांब खोलीत चौतीस मुलं. कुणी तराजूत वाळू मोजतंय, कुणी मणी ओवतंय, कुणी करवतीने फळी कापतंय, आणि ताई एका मुलीशेजारी मांडी घालून गप्प बसलेल्या.

मी विचारलं, "बाई, तुम्ही शिकवता कधी?"

त्या हळूच म्हणाल्या, "ती विचारेल तेव्हा."

मी त्याच दिवशी नाव घातलं.

इथे बसलेल्या प्रत्येक पालकाने पुढची तीन वर्षं काय ऐकून घेतलं असेल ते मला ठाऊक आहे, कारण मीही ऐकलं. परीक्षा नाही? पुस्तक नाही? घंटा नाही? माझी बहीण, मिरीची आत्या, तर दर वेळी विचारायची, "काय रे, तुझी पोरगी शाळेत जाते की सतरंजीवर लोळायला?" आपले बेकरीवाले पालक इथेच बसले आहेत. त्यांचे वडील त्यांना म्हणाले होते, "मणी मोजायला शाळा कशाला, घरात बसूनही नातू बिघडवता येतो." हसा, हसा. आपण तेव्हाही हसायचो. जिन्यात उभं राहून एकमेकांना नातेवाइकांचे टोमणे सांगायचो आणि आपणच तेवढे शहाणे अशा थाटात घरी जायचो. आपल्याला एकमेकांचा मोठा आधार होता. आता मला वाटतं, तो आधार जरा जास्तच होता. बाहेरचा कुणी काही म्हणाला की तो चूकच, हे आपण आधीच ठरवून टाकलं होतं.

आता निळ्या चटईबद्दल. पाहुण्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. शाळेत कोपऱ्यात सहा निळ्या चटया गुंडाळून ठेवलेल्या असतात. ज्या मुलाला आपल्या कामात कुणी व्यत्यय आणू नये असं वाटतं, त्याने एक चटई घ्यायची, पसरायची आणि तिच्यावर काम करायचं. नियम एकच. निळ्या चटईवरच्या मुलाला हाक मारायची नाही. शिक्षकांनी नाही, मुलांनी नाही, पालकांनी नाही. खांद्यालाही हात लावायचा नाही. मूल स्वतः उठेपर्यंत थांबायचं. ज्याच्या डोक्यात डस्टर बसलेलं आहे त्या माणसाला हा नियम ऐकून काय वाटलं असेल? मी घरी जाऊन बायकोला सांगताना मला रडू आलं होतं.

आणि माझी मुलगी या चटईवर सगळ्यात जास्त वेळ बसायची. सहाव्या वर्षापासून. आधी अर्धा तास, मग तास, मग दोन तास. पालकांनी महिन्यातून एक सकाळ खोलीत स्टुलावर बसून निरीक्षण करायचं आणि वहीत लिहायचं, ही आपली पाळीची पद्धत. माझी वही मी बरोबर आणली आहे. दोन नोंदी वाचतो. बायको मला खालून 'नको' अशी मान हलवतेय. मला दिसतंय. पण वाचतो.

पहिली नोंद, मिरीला सहा वर्षं आठ महिने झाले तेव्हाची. "आज चटईवर एक तास पन्नास मिनिटे. शेजारी दोन मुलांचे भांडण झाले, हिने मान वर केली नाही. घरीही हाक मारली तर उत्तर देत नाही, कामात असते. समोर जाऊन बोलले की नीट उत्तर देते. एकाग्रता वाढत आहे."

दुसरी, पाच महिन्यांनंतरची. "आज दोन तास चाळीस मिनिटे. मला फार अभिमान वाटला."

याच्या बाजूला ताईंच्या अक्षरात लिहिलं आहे, "सुंदर. घरीही भंग करू नका."

आम्ही केला नाही. घरीही एक निळी चादर आणली.

तुमच्यापैकी काही जणांना तो पाहुण्यांचा दिवस आठवत असेल. बाहेरून वीस शिक्षक आपली शाळा बघायला आले होते. चहाचे कप ठेवलेला स्टीलचा ट्रे एका पाहुण्यांच्या हातातून निसटला. केवढा आवाज झाला! सगळी मुलं दचकली, एक छोटा रडायला लागला. मिरी चटईवर पाठमोरी बसून मणी ओवत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. सगळे पाहुणे तिच्याभोवती उभे राहिले. त्या दिवशी माझी पाळी होती. एक बाई माझ्या कानाशी कुजबुजल्या, "ही तुमची? काय संस्कार आहेत हो!" मी छाती फुगवून उभा होतो. कुणीतरी फोटो काढला. तो वार्षिक अहवालात आला, खाली 'एकाग्रतेचा आदर्श' असं छापून. बाहेर आज जे प्रदर्शन लावलं आहे त्यातही तो आहे, तिसऱ्या फलकावर. आत येताना मी बघितला. बऱ्याच जणांनी बघितला असेल.

त्या खोलीत तेव्हा बावीस-तेवीस मोठी माणसं होती. एकालाही संशय आला नाही. शिकलेल्यांना आला नाही, मला आला नाही. का यावा? समोर गेलं की ती बोलायची, हसायची, सांगितलेलं करायची. ती आपल्या तोंडाकडे टक लावून बघायची आणि आपण म्हणायचो, किती लक्ष देऊन ऐकते. दुसऱ्या कुठल्याही शाळेत दुसऱ्या दिवशी बाईंनी चिडून निरोप पाठवला असता, की तुमची मुलगी हाक मारली तरी ओ देत नाही, घेऊन जा तिला. आपल्या शाळेत कुणी चिडत नाही.

शेवटी कळलं ते एका अनोळखी माणसामुळे.

आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर मागे मागे येत होता. मिरी दारासमोर रस्त्यात बसून खडूने आकृत्या काढत होती. मी आत एक पाटी पुसत होतो. ब्रेक करकचला म्हणून बाहेर आलो. चाक आणि ती यांच्यात इतकंच अंतर होतं, माझ्या या कोपरापासून बोटांपर्यंत. तिने तेव्हाही वर बघितलं नव्हतं. टँकरवाला खाली उतरला होता, घामाघूम.

"ओ, तुमची पोरगी आहे का?"

"हो."

"तीनदा हॉर्न मारला मी! मागून पोरं बोंबलत होती! बहिरी आहे का ती?"

मला राग आला. खरं सांगतो, चाकाचा नाही आला, त्याच्या बोलण्याचा आला. मी म्हणालो, "तोंड सांभाळून बोला. ती विचारात असते. तिची एकाग्रता आहे."

त्याने बाहीने घाम पुसला. मग म्हणाला, "अहो दादा, टँकरखाली कसली एकाग्रता?" आणि गाडीत बसून निघून गेला.

त्याने शिवी म्हणून जे म्हटलं, ते दोन वर्षांत आमच्यापैकी कुणी प्रश्न म्हणूनसुद्धा म्हटलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी मिरी खिडकीपाशी चित्र काढत होती. मी तिच्या मागे तीन पावलांवर उभा राहिलो आणि रंगाच्या डब्याचं झाकण फरशीवर टाकलं. मग डबाच टाकला. मग तिचं नाव घेतलं. नियम मोडतोय असं मला तेव्हाही वाटत होतं, हे सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही. मी पुन्हा नाव घेतलं, मोठ्याने. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "काय झालं? का ओरडताय तिच्यावर?" तिने मिरीच्या पाठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

कानाच्या डॉक्टरांकडे काचेची एक खोली असते. मिरीला आत बसवलं, कानावर ते मोठं यंत्र लावलं आणि हातात मणी दिले. आवाज आला की मणी वाटीत टाकायचा. मणी बघून ती खूश झाली. बाहेर तो माणूस बटण फिरवत होता आणि आत ती मणी चिमटीत धरून थांबली होती. काचेतून आमच्याकडे बघून हसत होती. कधी सुरू होणार, असं हाताने विचारत होती. ते केव्हाच सुरू झालं होतं.

डॉक्टर बाईंनी विचारलं, हाकेला ओ देत नाही हे कधीपासून? माझ्याकडे तर तारखा होत्या. मी ही वही पुढे केली. त्यांनी एकेक पान वाचलं. बराच वेळ वाचलं. मग म्हणाल्या, "तुम्ही फार व्यवस्थित लिहिलंय. आजाराची इतकी चांगली नोंद माझ्याकडे कुणी घेऊन येत नाही."

त्या टोचून बोलल्या नाहीत. तशा स्वभावाच्या नाहीत त्या. पण मी त्या वहीत तेव्हापासून काही लिहिलेलं नाही.

त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं की कानाच्या आतल्या नसा हळूहळू निकामी झाल्या, त्या कदाचित कशानेही वाचल्या नसत्या. पण यंत्र दोन वर्षं आधी लागलं असतं तर त्या दोन वर्षांतले शब्द तिला मिळाले असते. या वयात मुलं रोज नवे शब्द कानाने उचलतात. मिरीने दोन वर्षं जवळजवळ उचललेच नाहीत. जे बोलायची तेही आता पुसट झालं आहे. अनोळखी माणसाला तिचं बोलणं दोनदा ऐकावं लागतं. पाहुणे, तुम्ही आत येताना तिने तुम्हाला काहीतरी विचारलं आणि तुम्ही नुसते हसून पुढे गेलात. माझी तक्रार नाही. सगळे तसंच करतात.

यंत्र लागल्यावर काही दिवसांनी मी तिला विचारलं, समोर बसून, सावकाश. "मिरी, तुला चटईवर बसायला एवढं का आवडायचं?"

ती म्हणाली, "तिथे कुणी हाक मारत नाही."

मी म्हणालो, "म्हणजे?"

तर म्हणाली, "सगळ्यांत बसलं की मुलं चिडायची. म्हणायची, तू बोलत नाहीस, तू शिष्ट आहेस. चटईवर बसलं की कुणी चिडायचं नाही. सगळे छान म्हणायचे."

सहा वर्षांच्या मुलीने स्वतःसाठी लपायला जागा शोधली होती आणि आम्ही सगळे त्या जागेचं कौतुक करत होतो. आपण हे सगळं प्रेमाने केलं. मुलांवर कुणी ओरडू नये, एवढ्यासाठीच केलं. कुणी दुष्टपणा केला असता तर मला सोपं गेलं असतं. निदान कुणाची तरी कॉलर धरली असती.

मिरीला ऐकू येत नाही हे कळलं त्या संध्याकाळी ताई आमच्या घरी आल्या होत्या. बायकोने त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते प्यायलं नाही, पेला दोन्ही हातांत धरून बसल्या. मिरी त्यांना बिलगली. तिला अजूनही ताई सगळ्यांत जास्त आवडतात. ताई तिच्यासमोर फरशीवर बसल्या, चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर आणला आणि म्हणाल्या, "मी तुला हाक मारायला हवी होती." मिरी म्हणाली, "आता मार." आणि ताईंना हाक मारता येईना.

निमंत्रणपत्रिकेत छापलं आहे की ताई प्रकृतीच्या कारणाने निवृत्त होत आहेत. ताईंची प्रकृती ठणठणीत आहे. त्यांनी पुढच्याच आठवड्यात राजीनामा दिला आणि त्यात कारण लिहिलं होतं. समितीने ते कारण बदलून घेतलं. समितीचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. शाळेचं नाव, येणारे पालक, सगळा विचार करावा लागतो. पण काल माझ्या दुकानात ताई म्हणाल्या, "मी गेले की ही गोष्टही माझ्याबरोबर जाईल. चटया मात्र इथेच राहतील." त्यासाठी त्या आल्या होत्या. उठताना त्यांनी विचारलं, "माझ्यावर राग आहे?"

मी म्हणालो, "आहे."

त्या म्हणाल्या, "असू द्या." आणि निघाल्या. साडीला पिवळा रंग लागला होता, तो मी सांगेपर्यंत त्या वळणावर गेल्या होत्या.

ताई, तुम्ही इथे समोर आहात म्हणून सांगतो. राग आहे, आणि माझ्या मुलीला कुणी कधी मारलं नाही, रडवलं नाही, हेही तुमच्यामुळेच आहे. दोन्ही खरं आहे. मला यातलं एक खोडून दुसरं ठेवता येत नाही. आणि ती वही मी लिहिली आहे, तुम्ही नाही. तुमच्यावरचा राग कधीतरी कमी होईल. माझ्या अक्षरावरचा होईल असं वाटत नाही.

चिटणीस घड्याळ दाखवत आहेत. घरी वाचलं तेव्हाच अकरा मिनिटं झाली होती, मला कमी करता आलं नाही. माफ करा, आता थोडंच राहिलं आहे.

नव्या बाईंनी मघाशी सांगितलं की ताईंची आठवण म्हणून निळी चटई आणि तिचा नियम जसाच्या तसा ठेवला जाईल. टाळ्याही पडल्या. बाई, चटई ठेवा. माझी विनंती एवढीच आहे की तिच्यावर बसलेल्या प्रत्येक मुलाला आठवड्यातून एकदा मागून हाक मारा. एकदाच. आणि वर्षातून एकदा सगळ्यांचे कान आणि डोळे तपासून घ्या. गेल्या पाळीला मी हे करून बघितलं. एक चिमुरडी चटईवर बसून ठोकळे लावत होती. माझ्याने राहवेना. मी मागून हळूच तिचं नाव घेतलं. ती गर्रकन वळली आणि केवढी चिडली! "काका! मी काम करतेय ना! नियम माहीत नाही का तुम्हाला?" मला इतका आनंद झाला की मी खोलीबाहेर जाऊन जिन्यात बसलो. समितीकडून नियमभंगाचं पत्र आलं आहे मला. तेही सोमवारी वाचलं जाईल. वाचा. त्यातल्या सगळ्या गोष्टी खऱ्या आहेत.

आता सोमवारबद्दल बोलतो आणि थांबतो.

समितीचं म्हणणं मला कळतं. मिरीशी बोलायचं तर प्रत्येक वेळी तिच्यासमोर यावं लागतं, उजेडाकडे तोंड करावं लागतं, सावकाश बोलावं लागतं. चौतीस मुलांत हे कसं जमणार, असं नव्या बाईंनी लिहिलं आहे. तिच्यासारख्या मुलांची शाळा आहे, पण ती दुसऱ्या गावाला, पाच तासांवर. तिथे राहावं लागेल. "तिच्या भल्याचंच आहे," असं मला तिघांनी सांगितलं. असेलही. तिच्या भल्याचं काय आहे ते ओळखण्यात मी एकदा चुकलो आहे, त्यामुळे मी छातीठोकपणे काही सांगू शकत नाही. आम्हाला ती इथे हवी आहे, कारण तिची माणसं इथे आहेत आणि ती आता कुठे चटईवरून उठून त्यांच्यात बसायला लागली आहे. एवढंच माझं कारण आहे. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

ती इथेच आहे. दुसऱ्या ओळीत, आईच्या डावीकडे. मी माइक जरा खाली धरला आहे तो तिला माझं तोंड दिसावं म्हणून. तरी तिला यातलं अर्धंच कळलं असेल. उरलेलं मी घरी गेल्यावर सांगेन. तिच्याबद्दल तिच्यासमोर बोललेलं तिला कळलं पाहिजे, असं मी ठरवलं आहे.

म्हणून अध्यक्ष महोदय, समितीच्या सभासदांनो, एकच मागणं आहे. सोमवारी निर्णय काहीही होऊ द्या, आम्हाला पत्र पाठवू नका. आम्हा दोघांना बाजूला घेऊन सांगू नका. तिला आत बोलवा, खिडकीपाशी बसवा, तिच्यासमोर बसा आणि तिला सांगा. नाही म्हणायचं असेल तर तिच्याकडे तोंड करून, सावकाश, तिला कळेपर्यंत 'नाही' म्हणा. तिने कारण विचारलं तर तेही तसंच सांगा. दोनदा विचारलं तर दोनदा सांगा. त्याला किती वेळ लागतो ते तुम्हाला कळेल, आणि मग कदाचित तुम्हालाच कळेल की ते जमतं.

ताईंनी मला बोलायला सांगितलं, समितीने बोलू दिलं आणि तुम्ही सगळ्यांनी गप्प बसून ऐकून घेतलं, याबद्दल मी आभारी आहे. माझ्या बोलण्यात काही कमी पडलं असेल तर सांभाळून घ्या. काही जास्त झालं असेल तर त्याचा राग माझ्यावर काढा, तिच्यावर काढू नका.

नमस्कार.